कातळाला भिडणारे टोक

मावळच्या दगडाने आजवर अनेकांची परीक्षा घेतली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. त्याच्या पोटात भाजे, बेडसे आणि कार्ले इथली लेणी कोरली गेली. त्याच्या माथ्यावर लोहगड आणि विसापूर उभे राहिले. त्यालाच आरपार छेदून घाटातली रेल्वे गेली आणि पुढे द्रुतगती महामार्गही गेला. लोणावळ्याला येणारा पर्यटक धुके पाहतो, धबधबे पाहतो. इतिहासाची आवड असलेला एखादा शिलालेखापाशी रेंगाळतो. मला मात्र या डोंगरांत हिंडताना दरवेळी कारागिराला पडावा तसा साधा प्रश्न पडतो: हे सारे कोरले कशाने?

या प्रश्नाच्या उत्तरात दोन हजार वर्षांचा प्रवास आहे आणि त्या प्रवासाचे आजचे टोक सुपारीएवढेही नाही. त्या टोकाच्या पोटात काय असते, त्यात कोणती चिमूट टाकली की ते तगते आणि कोणती टाकली की तुटते, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख. धातूंचे तुकडे घासूनपुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे हा विषय मला कोरडा वाटत नाही. वाचकांनाही वाटू नये, अशी खटपट करतो.

टाकी, सुरुंग आणि बटण

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण घाव घालणाऱ्या टाकीलाही काही सोसावे लागते, याचा विचार फारसा होत नाही. बेसाल्टमध्ये फेल्स्पार आणि पायरॉक्सिन ही मुख्य खनिजे असतात. काठिण्याच्या मोहच्या मापावर, जिथे हिरा 10 आहे, ती साधारण 6 वर येतात. चांगले पाणी दिलेले पोलादही त्याच्याच आसपास असते. म्हणजे टाकी आणि दगड हे जवळजवळ तोलामोलाचे मल्ल. कार्ल्याचा चैत्य कोरताना पाथरवटाच्या शेजारी लोहाराची भट्टी पेटती राहिली असणार, कारण बोथट झालेल्या टाकीला पुनःपुन्हा पाणी पाजल्याशिवाय काम पुढे सरकणे शक्य नव्हते.

अठराशे वर्षे लोटली तरी यात फारसा फरक पडला नव्हता. बोरघाटातल्या रेल्वेचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये गाडी घाट चढू लागली. 25 बोगदे खोदावे लागले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, भोक पुरेसे खोल झाले की दारू ठासून सुरुंग उडवायचा, अशी पद्धत होती. डायनामाइट आले ते त्यानंतर, 1867 मध्ये. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तडीस नेले. तिचे नाव निदान नोंदले गेले. पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर गेले, त्यांची नावे कुठेच नाहीत.

आता त्याच डोंगरांतले अलीकडचे काम पाहा. 2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गासाठी कामशेत, खंडाळा, माडप, भाताण इथे बोगदे खोदले गेले. त्यानंतर 2019 मध्ये हाती घेतलेल्या खोपोली-कुसगाव ‘मिसिंग लिंक’वर तर सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. स्फोटके आजही लागतात. पण भोक पाडणारी पहार बदलली आहे. यंत्राच्या दांड्याला पुढे एक बिट असते, साधारण 45 मिलिमीटर व्यासाचे, आणि त्याच्या तोंडावर सात ते नऊ गोलसर बटणे बसवलेली असतात. मिनिटाला दोन-तीन हजार ठोके खात ही बटणे कातळाचा चुरा करतात. ती पोलादाची नसतात, टंगस्टन कार्बाइडची असतात.

चिक्कीचे गणित

‘कार्बाइड’ हा शब्द आता वर्कशॉपमधल्या पोराच्याही तोंडी आहे. पण त्यात नुसते कार्बाइड नसते. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगाने झालेले हे संयुग भयंकर कठीण, मोहच्या मापावर 9 च्या आसपास. मात्र चिनी मातीच्या बशीसारखे ठिसूळ. एकट्याने ठोका सोसणे त्याला जमत नाही. म्हणून त्याचे बारीक कण कोबाल्ट या चिवट धातूत बसवतात. सिरॅमिकचे काठिण्य आणि धातूचा चिवटपणा यांचा हा संसार. ‘सिरॅमिक’ आणि ‘मेटल’ या दोन शब्दांची अर्धी अर्धी अक्षरे घेऊन अशा पदार्थांना ‘सर्मेट’ असे नाव मिळाले. बाजारात मात्र टंगस्टनवाल्याला नुसते ‘कार्बाइड’ म्हणतात आणि ‘सर्मेट’ हे नाव टिटॅनियमवाल्यासाठी राखून ठेवतात. घराणे एकच, चुली दोन.

हा संसार पहिल्यांदा जमला तो बर्लिनमध्ये, आणि तोही दिव्याच्या तारेपायी. टंगस्टनची केसासारखी तार ओढायला हिऱ्याच्या साच्यातले भोक लागे आणि हिरा परवडत नसे. ऑस्राम कंपनीतल्या कार्ल श्र्योटर याने 1923 मध्ये कार्बाइड आणि कोबाल्टच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने त्याला ‘विडिया’ हे नाव दिले. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचे ते लघुरूप. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात हा माल एका पौंडाला 453 डॉलर या भावाने विकला गेला. तेव्हाच्या हिशेबाने तो सोन्यापेक्षा महाग पडत होता.

याची बांधणी समजावून सांगायला लोणावळ्यात फार लांब जावे लागत नाही. चिक्कीच्या कुठल्याही दुकानात ती मांडून ठेवलेली असते. शेंगदाणे म्हणजे कार्बाइडचे कण आणि गूळ म्हणजे कोबाल्ट. गूळ फार झाला तर चिक्की दाताला चिकटते, कमी पडला तर दाणे सुटे होतात. पाक दाण्याला सगळीकडून नीट माखला पाहिजे. कोरडा राहिलेला दाणा म्हणजे तुटायची जागा. खडक फोडणाऱ्या बटणात कोबाल्ट वजनाने साधारण 6 टक्के असतो, बाकी सारे कार्बाइड. इतक्या थोड्या गुळावर एवढे दाणे धरून ठेवायचे असतात. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. चिक्कीतला पाक थंड झाला की काचेसारखा होतो, म्हणून ती कटकन मोडते. कोबाल्ट तसा नाही. तो ताणला जातो, चेमटतो आणि दाण्यात पडलेली भेग पुढच्या दाण्यापर्यंत जाऊ देत नाही. तळेगावात 1908 मध्ये लोकांच्या पै-पैशातून पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. त्यामुळे काच कशी तडकते, हे मावळच्या माणसाला वेगळे सांगायला नको. एकदा गेलेली चीर काचेत कुठे थांबत नाही. सर्मेटमध्ये ती थांबवण्याचे काम धातू करतो.

चिमूटभर भर

ही ‘चिक्की’ करण्याची रीत अशी. कार्बाइड आणि कोबाल्ट यांची पूड एकत्र दळायची, साच्यात दाबायची आणि भट्टीत 1400 अंश सेल्सियसच्या आसपास तापवायची. कार्बाइड वितळत नाही. कोबाल्ट मात्र त्यातला थोडा टंगस्टन आणि कार्बन पोटात घेऊन पातळ होतो आणि दाण्यादाण्यांमधून पसरतो. तुकडा प्रत्येक बाजूने सुमारे 18 टक्के आकसतो, म्हणजे त्याचे आकारमान जवळजवळ निम्मे होते आणि पोकळ्या बुजून जातात.

खरी अडचण इथेच उभी राहते. पातळ कोबाल्टमध्ये लहान कण विरघळतात आणि त्यांचा माल मोठ्या कणांवर जाऊन बसतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसाच हा प्रकार. दळताना कण कितीही बारीक केले तरी भट्टीतून बाहेर येईपर्यंत ते फुगलेले असतात. कण जाड झाले की काठिण्य घटते, आणि एखादा फारच मोठा कण असला तर भेग तिथूनच सुरू होते.

यावर उपाय म्हणजे दुसऱ्या एखाद्या कार्बाइडची चिमूट. व्हॅनेडियम कार्बाइड यात सर्वांत प्रभावी, त्याखालोखाल क्रोमियम कार्बाइड. प्रमाण किती? किलोमागे चार-पाच ग्रॅम. आपल्या स्वयंपाकघरात साखरेचा पाक करताना त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात, म्हणजे पाकात पुन्हा साखरेचे खडे धरत नाहीत. चिक्कीवाले त्यासाठीच पाकात ग्लुकोज घालतात. व्हॅनेडियमचे काम बरेचसे तसेच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर कार्बाइडच्या कणाच्या पृष्ठभागावर व्हॅनेडियमचा अवघ्या काही अणूंच्या जाडीचा थर दिसतो. नवा माल बसायची जागाच अडवली गेल्यामुळे कण वाढत नाही.

याचा परिणाम थक्क करणारा आहे. कण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा लहान राखले, तर वाकवून मोडण्याच्या चाचणीत असा तुकडा 4000 मेगापास्कलच्या आसपास ताण सोसू शकतो. सोप्या भाषेत, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 40 टन. मावळचा चांगला घट्ट बेसाल्ट दाबाखाली दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन टनांवर फुटतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या पट्ट्यांना केसाएवढी भोके पाडणारी ड्रिल अशाच बारीक कणांच्या कार्बाइडची असतात.

मग ही चिमूट वाढवत न्यावी की! इथेच निसर्ग हात धरतो. व्हॅनेडियम कार्बाइड गरजेपेक्षा जास्त झाले की ते कोबाल्टमध्ये मावत नाही. दाण्यांच्या सांध्यांवर ते स्वतःचे ठिसूळ कण धरते आणि कमावलेली ताकद घालवून बसते. पाकात लिंबू फार पिळले तर पाक आंबट होतो, त्यातलीच ही गत.

कार्बनचा तोलही असाच नाजूक. टंगस्टन कार्बाइडमध्ये कार्बन वजनाने 6.13 टक्के असायला हवा. तो किंचित कमी पडला तर ‘ईटा’ नावाची ठिसूळ संयुगे तयार होतात. किंचित जास्त झाला तर शिसपेन्सिलीतले ग्राफाइट जागोजाग साचते. आणि प्रत्येक नवी भर हा तोल थोडाफार हलवते. गंमत अशी की हा तोल तपासायला कारखान्यात चुंबक वापरतात. कार्बन कमी पडला की कोबाल्टमध्ये जास्त टंगस्टन विरघळतो आणि त्याचे चुंबकत्व घटते. तुकडा न तोडता त्याच्या पोटातली गोष्ट कळते.

तळेगावच्या लेथवर

मावळातच तळेगावची औद्योगिक वसाहत आहे. इथे आणि पलीकडे चाकण-भोसरीकडे मोटारींचे सुटे भाग करणारी शेकडो लहानमोठी वर्कशॉप आहेत. तिथे कातळाशी झुंज नसते, पोलादाशी असते. लेथवर ज्या चौकोनी-तिकोनी टिपा लावतात, त्यांना ‘इन्सर्ट’ म्हणतात. चार कोपरे वापरून झाले की टीप भंगारात जाते.

काही वर्षांपूर्वी तिथला एक वर्कशॉपवाला माझ्याकडे दोन टिपा घेऊन आला. दोन्ही एकाच डबीतल्या, टिटॅनियमच्या सर्मेटच्या. ‘‘सर, ही रिंगवर आरशासारखं फिनिश देते,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तीच खाच असलेल्या शाफ्टला लावली, तर दहाव्या नगाला कोपरा उडतो. माल बनावट आहे का?’’ त्याचे महिन्याचे टिपांचे बिल आणि परत आलेले नग यांचा हिशेब त्याने एका वहीत मांडून आणला होता. ठरल्या दिवशी माल गेला नाही तर मोठा कारखाना पुढची ऑर्डर दुसऱ्याला देतो. त्यामुळे त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त तातडीचा होता.

टिपा कापून, घासून, चकचकीत करून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. माल चोख होता. टिटॅनियमच्या सर्मेटमध्ये जे नेहमी दिसते तेच दिसत होते: प्रत्येक कणाच्या मध्ये एक गाभा आणि भोवती वेगळ्या छटेचे कडे, जसे बोराच्या बीभोवती गर असावा. हे कडे कसे आले, ही या सगळ्या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट इंजिनांची पाती टिटॅनियम कार्बाइड आणि निकेल यांच्या सर्मेटची करावीत, असा प्रयत्न अमेरिकेत झाला. हलका पदार्थ, उष्णतेला दाद न देणारा. पण पाती ठिसूळ निघाली आणि तो नाद सोडावा लागला. एक कारण असे होते की पातळ निकेल टिटॅनियम कार्बाइडच्या कणांना नीट माखत नाही. कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि निकेलला मध्ये शिरता येत नाही. 1956 च्या सुमारास ह्युमेनिक आणि पारिख या संशोधकांनी दाखवले की निकेलमध्ये मॉलिब्डेनम मिसळला तर तो कणांवर पाण्यासारखा पसरतो. मॉलिब्डेनम, किंवा त्याचे कार्बाइड, कणाच्या पृष्ठभागावर टिटॅनियमशी मिसळून एक कडे तयार करते. हे कडे एका बाजूने गाभ्याशी आणि दुसऱ्या बाजूने निकेलशी जुळवून घेते. ज्याला फेकून दिले होते, त्या पदार्थाला मध्यस्थ मिळाला आणि तो लेथवर कामाला लागला. 1970 च्या दशकात त्यात नायट्रोजनही आला. त्याने कण आणखी बारीक राहू लागले. पुढे जपानमधल्या कारखान्यांनी या टिपा सर्वांत जास्त उचलून धरल्या.

या मिश्रणात आता टंगस्टन कार्बाइड घालतात ते चिवटपणासाठी. टॅन्टलम आणि नायोबियम यांची कार्बाइडे घालतात ती तापलेल्या अवस्थेतली ताकद टिकावी आणि तापण्या-निवण्याचे धक्के सोसावेत म्हणून. प्रत्येकाची मात्रा ठरलेली. ती वाढली की कडे जाड होते आणि जाड कडे ठिसूळ असते.

माझ्या पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच होते. टिटॅनियमचे सर्मेट तापलेल्या पोलादात सहजी विरघळत नाही, त्याची चकती टिपेला चिकटत नाही, म्हणून फिनिश आरशासारखे. पण शाफ्टच्या खाचेवर टीप प्रत्येक फेऱ्यात एकदा हवेत जाते आणि पुन्हा धातूवर आदळते. वर कूलंटचा गार फवारा. हा मार सोसायला कोबाल्टचा भरपूर आधार असलेले टंगस्टन कार्बाइडच हवे. डबी बदलली आणि त्याचे काम मार्गी लागले.

ताकद कशाला म्हणायचे?

सगळ्या विषयाचे सार मला या एका प्रसंगात दिसते. ताकद ही एक वस्तू नाही. ओरखडा न पडणे वेगळे, वाकताना न मोडणे वेगळे, पडलेली भेग थोपवून धरणे त्याहून वेगळे. एका गुणासाठी घातलेली भर दुसऱ्या गुणातून वसूल होते. कातळ फोडणाऱ्या बटणात मुद्दाम जाड कणांचे कार्बाइड ठेवतात, आणि पोलाद कापणाऱ्या टिपेत आवर्जून घातलेली टिटॅनियम-टॅन्टलमची कार्बाइडे तिथे टाळतात, कारण ती चिवटपणा खातात. घाटात जे गुणकारी ते तळेगावच्या लेथवर अवगुण ठरू शकते.

म्हणून वर्कशॉपवाल्यांना मी नेहमी सांगतो की डबीवरची अक्षरे वाचा. आयएसओ 513 या मानकानुसार ‘एचडब्ल्यू’ म्हणजे टंगस्टनचे कार्बाइड, ‘एचटी’ म्हणजे टिटॅनियमचे सर्मेट. ‘पी’ पोलादासाठी, ‘एम’ स्टेनलेससाठी, ‘के’ बिडासाठी. विक्रेत्याने ‘सर्वांत कठीण’ म्हणून पुढे केलेली टीप आपल्या कामाला सर्वांत चांगली असेलच असे नाही.

धुळीचा हिशेब

या चमकदार टोकाला एक काळी बाजू आहे. लहान वर्कशॉपमध्ये ब्रेझिंग करून बसवलेल्या टिपांना आजही हिरव्या चाकावर सुकीच धार लावतात. त्यातून उडणारी धूळ म्हणजे कार्बाइड आणि कोबाल्ट यांची एकत्र पूड, आणि ही जोडी फुप्फुसाला एकट्या कोबाल्टपेक्षा अधिक घातक ठरते. फुप्फुसात जाळे धरते, दम लागतो, कोरडा खोकला हटत नाही. हा आजार डॉक्टरी पुस्तकांत हार्ड मेटलच्या नावानेच ओळखला जातो. टंगस्टन कार्बाइडसह असलेला कोबाल्ट माणसात कर्करोगाला बहुधा कारण ठरतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्ये नोंदवले. पाण्याची धार सोडून घासणे, चाकापाशीच धूळ ओढणारा पंखा बसवणे, तोंडाला चांगला मास्क लावणे, आणि कूलंट वेळच्या वेळी बदलणे, कारण कोबाल्ट त्यातही विरघळतो, हे उपाय अवघड नाहीत. पण धार लावणारा कामगार बहुधा रोजंदारीवर असतो आणि त्याचा खोकला विडीच्या खात्यावर मांडला जातो. बोरघाटातल्या मजुरांची मोजदाद झाली नाही, ती चूक आपण सुधारू शकत नाही. चाकाशी बसलेल्या माणसाची छाती तपासणे मात्र आपल्या हातात आहे.

दुसरा हिशेब मालाचा. जगातला सुमारे 80 टक्के टंगस्टन चीनमधून येतो आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. कोबाल्टचा मोठा वाटा काँगोतून येतो. राजस्थानात डेगाणा इथली टंगस्टनची खाण बंद पडून तीन दशके झाली. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यातही हे खनिज आढळले आहे. पण सर्वांत जवळची खाण म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातला वापरलेल्या टिपांचा डबा. जस्ताच्या साहाय्याने त्यांचा कोबाल्ट मोकळा करून पुन्हा पूड करता येते, आणि जगात वापरल्या जाणाऱ्या टंगस्टनचा साधारण तिसरा हिस्सा भंगारातूनच येतो. मात्र त्यासाठी टंगस्टनच्या आणि टिटॅनियमच्या टिपा वेगवेगळ्या डब्यांत हव्यात. टंगस्टनची टीप हाताला चांगलीच जड लागते, टिटॅनियमची हलकी. नुसते तोलूनही फरक कळतो. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्हींचे मोल जाते.

लेथवरच्या पोराला एवढे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. तळेगावच्या त्या वर्कशॉपमध्ये आता दोन डबे ठेवलेले आहेत आणि हिरव्या चाकावर पाण्याची बारीक नळी बसवली आहे.